जुनी माझदा एमएक्स-५ (१९८९-९७ ची दोन सीटची, उघडणाऱ्या कापडी छताची गाडी) रोज वापरता येईल का? पावसात छत गळतं का?

येईल. वजन जेमतेम एक टन, छत हातानेच उघडायचं, त्यात मोटर नाही की वायरिंग नाही. डिकी मात्र १२४ लिटरची, त्यातही बॅटरी आणि स्टेपनी. दोन जणांची विकेंडची बॅग मावते, मोठी सूटकेस नाही.

गळतीत लोक आधी छताच्या कापडाला दोष देतात, पण बऱ्याचदा खरं कारण तुंबलेला ड्रेन असतो. छतावरचं पाणी सीटमागच्या पन्हळीत जमतं आणि दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून मागच्या चाकांच्या पुढे, गाडीखाली पडतं. पानं-माती अडकली की पाणी सिलमध्ये, म्हणजे दाराखालच्या पोकळ पत्र्याच्या पट्टीत, शिरतं आणि पत्रा आतून सडतो. वेल्डिंगचा खर्च नव्या छतापेक्षा जास्त येऊ शकतो! म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी नळीत गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉन दोरी हलकेच फिरवा आणि मग सावकाश अर्धा लिटर पाणी ओता. ते लगेच खाली पडलं पाहिजे. तार किंवा कॉम्प्रेसरची हवा नको, नळी फाटते किंवा सुटते.

मागची काच प्लॅस्टिकची आहे. छत खाली दुमडण्याआधी तिची चेन (झिप) उघडून ती सपाट झोपवा. नाहीतर घडी पडते, आणि थंडीत तर तिथेच तडकते. ओलं छत दुमडून ठेवू नका, बुरशी धरते.

दारं-खिडक्यांच्या रबराला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात वर्षातून दोनदा पुरे.