वाफेचं इंजिन चालू स्थितीत असताना दहा वर्षांनी शेडमध्ये का काढतात?

तुमचा प्रश्न असा: इंग्लंडमधल्या एका हेरिटेज रेल्वेच्या (जुनी इंजिनं जपून हौसेने चालवणाऱ्या रेल्वेच्या) शेडमध्ये सुटे भाग करून ठेवलेलं इंजिन दिसलं, 'बॉयलरचं तिकीट संपलं' असं तिथल्या माणसाने सांगितलं. गेल्या महिन्यापर्यंत गाडी ओढणारं इंजिन असं का थांबवतात, आणि गाडी दहाला सुटणार असताना माणसं पहाटे चारला येऊन काय करतात?

दोन्हींचं कारण एकच, बॉयलर, म्हणजे पाण्याची वाफ करणारी मोठी टाकी. 'तिकीट' म्हणजे तो वापरायला योग्य असल्याचं ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र. अशा रेल्वेवर इंजिन तसं फार धावत नाही. ब्रिटनमधल्या बहुतेक हेरिटेज मार्गांवर वेगाची मर्यादा ताशी २५ मैल, म्हणजे ४० किलोमीटर, आणि मार्गही काही मैलांचाच. चाकं, पिस्टन, कनेक्टिंग रॉड झिजतात, पण हळूहळू, आणि ती झीज मोजता येते, कानालाही कळते. बॉयलर आतून झिजतो, आणि किती मैल धावला यापेक्षा किती वेळा तापला आणि निवला यावर त्याचं आयुष्य ठरतं. पूर्वी रोजच्या सेवेत इंजिन बॉयलरच्या एका धुलाईपासून दुसऱ्या धुलाईपर्यंत बहुतेक गरमच राहायचं. आता ते शनिवार-रविवारी तापतं आणि मंगळवारपर्यंत थंड पडतं.

ब्रिटिश इंजिनांत फायरबॉक्सची, म्हणजे बॉयलरच्या मागच्या टोकाला जिथे आग असते त्या भागाची, आतली पेटी बहुधा तांब्याची आणि बाहेरचं कवच पोलादी असतं. तांबं पोलादाच्या जवळजवळ दीडपट प्रसरण पावतं. दोन्हींच्या मधल्या फटीत पाणी, आणि दोन्ही भिंतींना बांधून ठेवणारे शेकडो स्टे, म्हणजे छोटे धातूचे दांडे. प्रत्येक वेळी तापताना आतली पेटी सरकते, स्टे किंचित वाकतात, निवताना परत जागेवर येतात. असं वर्षानुवर्षं झालं की ते तुटायला लागतात, बहुतेकदा बाहेरच्या पत्र्याजवळ. तपासणीच्या वेळी माणूस फायरबॉक्सच्या दारातून आत शिरतो आणि छोट्या हातोडीने एकेक स्टे वाजवून बघतो. शाबूत स्टे खणखणीत वाजतो, तुटलेला बद्द वाजतो. एखादा तुटला म्हणून लगेच काही होत नाही, पण त्याचा भार शेजारच्यांवर जातो. शेजारी-शेजारी दोन-तीन तुटले तर इंजिन वाफेवर आणायचंच नाही.

आता पहाटेचं काम. आल्याआल्या काडी लावायची नसते. आधी गेज ग्लासमध्ये (बॉयलरमधली पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत) पाणी दिसतंय का ते बघायचं, मग दिवा घेऊन फायरबॉक्समध्ये डोकवायचं: आगीचा गरम धूर बॉयलरमधून नेणाऱ्या नळ्यांच्या तोंडाशी ओल, स्टेच्या डोक्यांशी पांढरे ओघळ, छतातले शिशाचे प्लग. रेग्युलेटर (सिलिंडरकडे वाफ सोडणारी झडप) बंद, रिव्हर्सर (पुढे-मागे दिशा ठरवणारा दांडा) मध्यावर, हातब्रेक आवळलेला, सिलिंडरचे ड्रेन कॉक उघडे. रेग्युलेटर थोडासा गळत असेल तर वाफ धरता धरता इंजिन आपोआप हलू शकतं, म्हणून हे चारही हाताने तपासायचे, नजरेवर सोडायचे नाहीत. स्मोकबॉक्समधली, म्हणजे धुराड्याखालच्या पुढच्या पेटीतली, राख काढायची आणि त्याचं दार घट्ट आवळायचं. तिथून हवा शिरली तर आगीला ओढच मिळत नाही.

मग जाळीवर कोळशाचा पातळ थर, त्यावर लाकूड आणि तेलात भिजवलेल्या चिंध्या. ब्रॉडगेज किंवा स्टँडर्ड गेजचं मोठं इंजिन पूर्ण थंड असेल तर त्याला आठ-दहा तासही लागतात, म्हणून पुष्कळ ठिकाणी आदल्या दिवशीच बारीक आग ठेवतात. ऊब शिल्लक असेल तर चार-पाच तास पुरतात. घाई केली की वरचं पाणी उकळायला लागतं आणि तळाचं गारच राहतं. वरचा पत्रा ताणतो, खालचा ताणत नाही, आणि नळ्या गळू लागतात. इंजिनाचं सगळ्यात जास्त नुकसान गाडी ओढताना होत नाही, या घाईत होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. मधल्या वेळात तेल घालणं चालतं. बेअरिंगचं तेल वेगळं, सिलिंडरचं जाड स्टीम ऑइल वेगळं. एक तेलकुपी राहिली तर बेअरिंगमधला व्हाइट मेटल हा मऊ मिश्रधातू वितळून वाहतो आणि मग चाकं काढण्यावाचून इलाज नसतो.

गेज ग्लासबद्दल थोडं सविस्तर सांगतो. फायरबॉक्सच्या छतावर पाणी हवंच. २२५ पौंड दाबाला पाणी सुमारे २०३ अंश सेल्सिअसला उकळतं, त्यामुळे पाण्याखालचा पत्रा त्याच्या आसपासच राहतो. पाणी हटलं की तोच पत्रा आगीने मऊ होऊन वाफेच्या दाबाखाली खाली दबतो. प्लगमधलं शिसं ३२७ अंशांना वितळतं आणि वाफ फायरबॉक्समध्ये सुटते, पण ती शेवटची सूचना. म्हणून काच नुसती बघायची नाही, कॉक फिरवून वाफेची आणि पाण्याची वाट वेगवेगळी फुंकून घ्यायची. कॉक बंद केल्यावर पाणी झटकन मूळ पातळीला आलं पाहिजे. रेंगाळत आलं तर वाट क्षारांनी चोंदते आहे. अमेरिकेत गेटिसबर्गजवळ १६ जून १९९५ रोजी १२७८ क्रमांकाच्या इंजिनात नेमकं हेच झालं. काचेची वाट क्षारांनी चोंदलेली होती, पाणी खरोखर कमी होतं, छत दबलं आणि फुटप्लेटवरचे (चालकाच्या जागेवरचे) तिघे भाजले.

चढ-उतारावर तर काचेवर विसंबताच येत नाही. दार्जिलिंगच्या मार्गावर घूमसारख्या माथ्याशी धुराडं पुढे ठेवून चढणाऱ्या इंजिनात पाणी मागे, फायरबॉक्सकडे सरकलेलं असतं आणि काच भरलेली दिसते. उतार लागला की तेच पाणी पुढे पळतं. म्हणून माथा यायच्या आधीच इंजेक्टर (वाफेच्या जोराने बॉयलरमध्ये पाणी ढकलणारं साधन) लावून पाणी वाढवायचं. आणि टाकीतलं पाणी फार गरम झालं तर इंजेक्टर पाणी उचलत नाही, हे उन्हाळ्यात विशेष सांभाळायचं.

साधारण दोन ते चार आठवडे वाफेवर गेले की धुलाई. बॉयलर आपोआप निवू द्यायचा, रिकामा करायचा, धुलाईचे प्लग आणि मडहोलची (गाळ काढायच्या भोकांची) दारं काढून दाबाच्या पाण्याने गाळ खरवडून काढायचा. गरम बॉयलरमध्ये थंड पाणी कधीच सोडायचं नाही. क्षारांचा थर साठला की पत्र्याची उष्णता पाण्यात जात नाही, कोळसा जास्त लागतो आणि पत्रा तापून जातो. उलट पाण्यात विरघळलेले क्षार वाढले तर पाणी फेसाळून वाफेबरोबर सिलिंडरमध्ये जातं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सिलिंडरचं झाकणसुद्धा फुटतं.

दरवर्षी थंड असताना आणि मग वाफेवर अशी तपासणी होते, तरी नळ्या जागेवर असताना बॉयलरचा बराचसा भाग दिसतच नाही. म्हणून ब्रिटनमध्ये जास्तीत जास्त दहा वर्षांनी तो फ्रेमवरून उचलून, नळ्या कापून काढून आतून बघतात. अमेरिकेतला नियम मला अधिक नेमका वाटतो: वाफेवरचे १,४७२ दिवस किंवा १५ वर्षं, जे आधी भरेल ते. ब्रिटनमध्ये दुरुस्तीनंतर आधी पाण्याने कामाच्या दाबाच्या दीडपटीपर्यंत चाचणी, मग वाफेवर. पाण्याची चाचणी आधी का, तर फाटलं तरी पाणी वाफेसारखं उसळत नाही.

उघडल्यावर काय निघेल हे आधी कळत नाही, आणि तिथेच वेळ आणि पैसा जातो. १९२३ साली बांधलेलं 'फ्लाइंग स्कॉट्समन' २००६ मध्ये दुरुस्तीला गेलं ते २०१६ मध्ये बाहेर आलं, खर्च सुमारे ४२ लाख पौंड. त्यामुळे तिकीट संपलेली इंजिनं शेडमध्ये रांगेत वर्षानुवर्षं थांबतात. त्या काळात बॉयलर अर्धवट भरलेला ठेवला तर पाण्याच्या रेषेवर हवेतल्या ऑक्सिजनने पत्र्याला खड्डे पडतात. एक तर काठोकाठ गंज रोखणारं रसायन घातलेलं पाणी भरायचं, नाहीतर पूर्ण कोरडा करून आत ओल शोषणारे खडे ठेवायचे आणि धुराड्यावर झाकण घालायचं. तुम्ही पाहिलेल्या इंजिनाच्या धुराड्यावर झाकण असेल, तर ते त्यासाठीच.