क्षेत्रभेटीऐवजी गुगल अर्थ दाखवलं तर चालेल का? भूगोलासाठी कोणती ॲप चांगली?

तुमचा प्रश्न असा आहे की दहावीच्या मुलांना क्षेत्रभेटीला नेणं शाळेला परवडत नाही, त्याऐवजी गुगल अर्थ आणि व्हर्च्युअल टूर दाखवली तर भागेल का, आणि ॲप कोणती घ्यावीत. ॲपचं सांगते पुढे. आधी तो 'ऐवजी' शब्द. त्या एका शब्दावरून मी आमच्या शाळेत चार वर्षं भांडले आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

मी दौंड तालुक्यातल्या एका शाळेत २२ वर्षं भूगोल शिकवतेय. २०१८ मध्ये दहावीचं नवं पुस्तक आलं, भारत आणि ब्राझीलवालं, आणि पहिलाच पाठ निघाला 'क्षेत्रभेट'. मला वाटलं, चला, आता तरी पोरं वर्गाबाहेर पडतील. झालं काय? 'क्षेत्रभेटीची आवश्यकता स्पष्ट करा', 'क्षेत्रभेटीदरम्यान कचऱ्याचे व्यवस्थापन कसे कराल' हे प्रश्न आले, गाइडमध्ये त्यांची उत्तरं आली, आणि गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंतही कधी न गेलेली मुलं सुवाच्य अक्षरात क्षेत्रभेटीचा अहवाल लिहू लागली. न पाहिलेल्या ठिकाणाचा अहवाल लिहायला आपण मुलांना शिकवतो, हे मला अजून सहन होत नाही.

म्हणून जानेवारी २०२० मध्ये हट्टाने ३८ मुलं हरिहरेश्वरला नेली. एसटीची गाडी, शालेय सहलीचं सवलतीचं भाडं, एक मुक्काम. यातल्या तीसेक मुलांनी समुद्र पाहिलेला नव्हता.

निघण्याआधी आठवडाभर संगणक कक्षात गुगल अर्थ वापरलं. मी त्याच्या विरोधात नाहीच, हे आधी नीट ऐका. मुलांना कोऱ्या कागदावर दौंड ते हरिहरेश्वर असा छेद, म्हणजे वाटेतले चढउतार बाजूने पाहिल्यासारखे दाखवणारी रेघ, अंदाजाने काढायला लावला. जवळजवळ सगळ्यांनी मध्ये सह्याद्रीचा त्रिकोण काढला, दोन्ही बाजूंना सारखा उतार. मग गुगल अर्थ प्रोमध्ये तोच मार्ग आखून उंचीचा आलेख उघडला. त्रिकोण नाहीच! पुण्यापर्यंत थोडाथोडा चढ, मुळशीकडे आणखी थोडा, आणि ताम्हिणी घाटानंतर आलेख कड्यावरून दगड पडावा तसा खाली. 'बाई, पलीकडचा अर्धा डोंगर कुठे गेला?' असं एकाने विचारलं. तो नसतोच. देशावरून जाणाऱ्याला सह्याद्री ही पठाराची तुटलेली कड असते. पुस्तकात 'पश्चिमेकडील तीव्र उतार' असे तीन शब्द आहेत, ते मुलांना पाठही होते.

पण त्याच संगणकावर दुसरा घोळ झाला. गुगल अर्थमध्ये जुन्या तारखांची उपग्रह चित्रं पाहता येतात. हरिहरेश्वरच्या दोन वेगळ्या वर्षांच्या चित्रांत एकात काळ्या खडकाचा रुंद पट्टा दिसत होता, दुसऱ्यात पाणी. एका हुशार मुलाने वहीत लिहिलं, 'दरम्यानच्या काळात समुद्र पुढे आला आहे.' तर्कात काहीच चूक नाही. एक चित्र ओहोटीचं, दुसरं भरतीचं, एवढंच. सातवीत भरती-ओहोटी शिकलेला, चंद्र-सूर्याच्या आकृत्या काढणारा मुलगा, पण पाणी सहा तासांत एवढं हलतं हे त्याच्या डोक्यात शिरलेलंच नव्हतं.

बसमध्ये दर सहा मुलांत एक फोन दिला. काम एकच: दर १५ मिनिटांनी जीपीएसची उंची आणि बाहेर काय दिसतं ते वहीत लिहायचं. ताम्हिणी उतरताना कानाला दडे बसले तेव्हा मागून आरडाओरडा सुरू झाला, 'पडतोय, आकडा पडतोय!' संगणकावरची ती रेघ त्यांच्या कानात उतरली होती. ही गोष्ट मी कुठल्या प्रोजेक्टरवर दाखवू?

दुसऱ्या दिवशी वद्य चतुर्थी. फोनमधल्या भरतीच्या वेळापत्रकात दुपारची भरती अडीचच्या सुमाराला होती. किनाऱ्यावर जाळं निवडत बसलेल्या एका कोळी आजोबांना मुलांनी विचारलं. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. 'आज चवथ ना? चार पाऊणे तीन. तीनला भरेल.' तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा जास्त उशिरा येतो, ते सगळं त्या पाऊणकीत बसवलेलं. अर्धा तास फरक का, यावर मुलांनी जेवतानाही वाद घातला. माझ्या मते त्या दिवशी भरती-ओहोटी खरी शिकवली ती त्या आजोबांनी.

सकाळी ओहोटीला तरंगघर्षित मंचावर, म्हणजे लाटांनी झिजवून सपाट केलेल्या खडकावर, उतरलो. खडकाला मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं, कड्याच्या पायथ्याशी लाटांनी कोरलेल्या खोबणी. सगळी मुलं हात लावून बघत होती. तेवढ्यात एक मुलगी पाण्याच्या काठाला फोन धरून उभी राहिली आणि म्हणाली, 'बाई, आपण समुद्राच्या ६१ मीटर खाली आहोत.'

सगळे हसले. सोबत आलेले एक शिक्षक म्हणाले, 'ॲप बिघडलंय, दुसरं टाक.' दुसरं टाकलं, त्यात ४ मीटर आलं. 'हं, हे बरोबर.' मीही मान डोलावली. त्या मान डोलावण्याची लाज मला आजही वाटते. कारण ती मुलगी गप्प बसली नाही. इतर गटांकडे जाऊन आली आणि म्हणाली, 'सहाही फोनमध्ये ते ॲप उणे ५८ ते उणे ६४ दाखवतंय. सगळीकडे एकाच वेळी, सारखंच कसं बिघडेल?'

मला उत्तर माहीत नव्हतं. तसं मुलांना सांगितलं, परत आल्यावर तीन रात्री बसून शोधलं. आणि सापडलं काय, तर जे वाक्य मी २२ वर्षं एका गुणासाठी लिहून घेत आलेय तेच: 'पृथ्वीचा आकार जिऑइड आहे.' जीपीएस उंची मोजतं ती एका गणिती, गुळगुळीत, ध्रुवांशी किंचित चपट्या गोळ्यापासून. समुद्र त्या गोळ्याला जुमानत नाही, गुरुत्वाकर्षण ठरवेल त्या पातळीला पाणी थांबतं. त्या पातळीचा जो ओबडधोबड आकार होतो तो जिऑइड. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात गुरुत्वाकर्षण कमी आहे, आणि तिथली समुद्राची सरासरी पातळी त्या गोळ्यापेक्षा सुमारे १०६ मीटर खाली आहे. जिऑइडमधली जगातली सगळ्यात खोल खळगी ती. आपला सगळा देश त्या खळगीच्या उतारावर बसलाय, कोकण किनाऱ्यावर हा फरक साठ-पासष्ट मीटरचा भरतो. काही ॲप हा फरक वजा-मिळवणी करून समुद्रसपाटीपासूनची उंची देतात, काही जीपीएसचा कच्चा आकडा तसाच देतात. बिघडलं काहीच नव्हतं. आम्ही ज्याला बिघाड म्हणालो तो पृथ्वीचा आकार होता.

पुढची युक्ती त्या मुलीचीच. तिचं घर रेल्वे लाइनला लागून. फलाटाच्या टोकाला पिवळी पाटी असते, तिच्यावर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. शाळा सुटल्यावर मुलं फोन घेऊन तिथे गेली. कच्चा आकडा पाटीपेक्षा पासष्टेक मीटर कमी. किनाऱ्यावर जेवढी तूट, जवळपास तेवढीच पठारावर. त्या दिवशी त्या पोरांनी जिऑइड मोजला, शाळेच्या गणवेशात, फलाटावर उभं राहून. मला अजून अभिमान वाटतो.

एक गोष्ट राहिली. बसमधल्या कच्च्या आकड्यांत ही तूट मिळवून छेद काढला तेव्हा एका गटाचं माणगाव समुद्रापेक्षा शंभर मीटर उंच आलं. विचारल्यावर तो मुलगा म्हणाला, तिथेच आकडा उणेत गेला होता, पण उणे कसं असेल म्हणून त्याने चिन्ह गाळलं. त्याने लबाडी केली नव्हती, आकडा 'दुरुस्त' केला होता. तेव्हापासून माझ्या वर्गात नियम आहे: यंत्राने दाखवलं ते जसंच्या तसं लिहा, शंका शेजारी लिहा. डिजिटल साधनांबद्दल यापेक्षा महत्त्वाचं मला काही सांगता येणार नाही, ॲपचं नाव कुठलंही असो.

दोन महिन्यांत करोनाने शाळा बंद झाल्या. पुढच्या तुकडीला सगळं पडद्यावरच. मी तेच धडे, तोच उंचीचा आलेख, तीच चित्रं दाखवली. एकाही मुलाने 'पलीकडचा डोंगर कुठे गेला' विचारलं नाही. आलेख होता तसा वहीत उतरवून घेतला.

शाळा उघडल्यावर आमच्या मुख्याध्यापक सरांचं म्हणणं पक्कं झालं होतं. स्मार्टबोर्ड आलाय, तासाभरात सगळा देश दाखवता येतो, सहलीची जोखीम कशाला? मी हरिहरेश्वरची गोष्ट सांगितली की म्हणायचे, 'तो अपवाद झाला. न गेलेल्या पोरांनाही बोर्डात तेवढेच गुण पडतात.' गुणांचं खरंच होतं. त्यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आजही नाही. मी एवढंच म्हणते की गुण सारखे पडतात हा दोष परीक्षेचा आहे, तो सहल बंद करण्याचं कारण म्हणून वापरू नका. तुमच्या शाळेतही हेच वाक्य कोणीतरी म्हणणार, तयारीत राहा. पडद्यावरचं चित्र दुसऱ्याने काढलेलं, त्याला हवं तेव्हा, हव्या उंचीवरून. मुलाने त्यात चूक काढावी इतकं ते मूल त्या जागेला ओळखतच नाही.

आता ॲपचं. संगणकावरचं गुगल अर्थ प्रो २०१५ पासून फुकट आहे, उंचीचा आलेख आणि जुनी चित्रं दोन्ही त्यात मिळतात. डोंगरांची उंची फुगवून दाखवण्याची सोय आहे ती मात्र १ वर ठेवा, नाहीतर मुलांना प्रत्येक टेकडी हिमालय वाटते. इस्रोचं भुवन हे नकाशांचं संकेतस्थळ २००९ पासून आहे, जमिनीच्या वापराचे नकाशे त्यावर चांगले आहेत. सर्व्हे ऑफ इंडियाचे स्थलनिर्देशक नकाशे त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. १:५०,००० प्रमाणाचा आपल्या भागाचा एक तरी छापून भिंतीला लावा. सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या समोच्च रेषा बोटाने गिरवून कळतात, पडद्यावर नाही. फोनमध्ये उंचीची दोन वेगवेगळी ॲप ठेवा, मुद्दाम. व्हर्च्युअल टूर मला आवडत नाहीत, त्यामुळे त्यांच्याबद्दल दुसऱ्या कोणाला विचारा.

आणि समुद्रच हवा असं नाही. आम्ही आठवडे बाजारातही क्षेत्रभेट केली आहे. कुठला माल कुठल्या गावाहून आला ते विक्रेत्यांना विचारायचं, वर्गात येऊन गुगलच्या माय मॅप्सवर टाकायचं. खर्च शून्य. मुलांना पहिल्यांदाच दिसलं की कांदा शेजारच्या गावचा आणि लसूण परराज्यातला.

एक मात्र सरांच्या बाजूने सांगायला हवं, इतका वेळ मी त्यांच्याशी भांडतेय म्हणून. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजची १४ मुलं बुडाली. ती बातमी त्यांच्या मनातून कधी गेली नाही, आणि ती भीती खोटी नव्हती. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवरूनही लाटांनी माणसं ओढून नेली आहेत. पालकांची लेखी संमती घ्या, दर दहा मुलांमागे एक मोठं माणूस न्या. ज्या मुलांच्या घरी फोन नाही त्यांच्या हातात गटाचा फोन आधी द्या, नाहीतर ती दिवसभर फक्त वही धरून उभी राहतात. नकाशा घरूनच उतरवून घ्या, ताम्हिणीत रेंज मिळत नाही. भरतीची वेळ फोनवर पाहिली असली तरी तिथल्या माणसाला विचारल्याशिवाय एकही मूल खडकावर उतरवू नका.

तुमच्या गावाजवळ रेल्वे स्टेशन असेल तर मुलांना घेऊन जा, आणि पाटीवरची उंची व फोनचा कच्चा आकडा, दोन्ही इथे खाली लिहा. विदर्भातले कोणी वाचत असतील तर त्यांनीही लिहा. तिकडची तूट किती निघते, हे माझ्या यंदाच्या वर्गाला बघायचंय.