हॉस्टेलवरचं सामान: आधी हे करून ठेव

‘मौल्यवान वस्तूंची जबाबदारी विद्यार्थ्याची’ ही ओळ प्रवेशाच्या फॉर्मवर बहुधा असतेच. त्यामुळे खोलीतून लॅपटॉप गेला तर विद्यापीठ सहसा भरपाई देत नाही. लायब्ररीच्या काउंटरवर बॅग देऊन टोकन घेतलंस तर मात्र गोष्ट वेगळी: १८७२च्या करार कायद्याच्या कलम १५१ प्रमाणे, ताब्यात घेतलेल्या वस्तूची वाजवी काळजी घ्यावीच लागते. टोकनचा फोटो काढून ठेव.

छत गळतंय? वॉर्डनना तोंडी सांगून थांबू नकोस. लेखी अर्ज दे, पोच घे. उद्या पुस्तकं भिजली तर त्या पोचेवरच्या शिक्क्यामुळेच तुझ्या म्हणण्याला वजन येईल. फोन चोरीला गेला तर पोलिसांत तक्रार कर, तिची प्रत जोडून ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर फोनचा आयएमईआय (त्याचा १५ अंकी ओळख क्रमांक) ब्लॉक कर. आणि खरेदीची बिलं आजच स्वतःला मेल कर.