ग्रीक न येणाऱ्या पदवीच्या मुलांना ट्रॉयच्या युद्धावरचं होमरचं महाकाव्य ‘इलियड’ ३ आठवड्यांत कसं शिकवावं?

सगळे २४ सर्ग रेटू नका. १, ६, ९, १६, २२ आणि २४ पूर्ण वाचून घ्या, बाकीच्यांचा गोषवारा द्या. दुसऱ्या सर्गातली जहाजांची लांबलचक यादी नेमलीत की मुलं तिथेच गळतात. अकियन, आर्गाइव्ह, डॅनायन ही एकाच ग्रीक सैन्याची नावं, हे आधीच फळ्यावर लिहा. नाहीतर मुलं तीन सैन्यं समजतात. ट्रॉयचा लाकडी घोडा आणि ग्रीक वीर अकिलीसचा मृत्यू या काव्यात येतच नाहीत, हेही सांगून टाका. पहिला शब्द ‘मेनिन’, म्हणजे क्रोध, मुलांकडून मोठ्याने म्हणवून घ्या. शेवटच्या सर्गाला मात्र अख्खा तास द्या. आपल्या मुलाला मारणाऱ्या अकिलीसचेच हात ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम चुंबतो, तिथे लगेच विवेचन नको. वर्गाला जरा गप्प बसू द्या.