क्लच दाबल्यावर पिकअपच्या गिअरबॉक्सची घरघर थांबते, तर बिघाड कुठे असावा?

आपण दिलेले लक्षण, म्हणजे गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना घरघर येणे आणि क्लच दाबताच ती थांबणे, बहुतेक वेळा इनपुट शाफ्टच्या (क्लचमधून इंजिनाची ताकद गिअरबॉक्समध्ये आणणाऱ्या दांड्याच्या) किंवा खालच्या काउंटर शाफ्टच्या (इनपुट शाफ्टने फिरणाऱ्या, गिअर बसवलेल्या दांड्याच्या) बेअरिंगकडे बोट दाखवते, कारण क्लच दाबल्यावर हे दोन्ही शाफ्ट फिरायचे थांबतात. याउलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला असता, तर दोष रिलीज बेअरिंगचा, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगचा, मानला असता.

मात्र गिअरबॉक्स उतरवण्याची घाई कृपया करू नका. गाडी सपाट जागेवर उभी करून आधी तेलाची पातळी पाहा. ते भरण्याच्या बोल्टच्या छिद्राच्या कडेपर्यंत असावे. मग तेल काढून खालचा बोल्ट निरखा. त्याच्या चुंबकावर बोटाला मऊ लागणारा राखाडी लेप असेल तर ती नेहमीची झीज होय. पण नखात अडकतील असे चकचकीत कपचे निघाले, तर बेअरिंग किंवा दाते तुटू लागले आहेत आणि गाडीवर माल लादणे त्याच दिवशी थांबवावे. नवे तेल पुस्तिकेत दिलेल्या दर्जाचेच घाला, कारण जीएल-४ च्या जागी घातलेले काही जीएल-५ तेल (हे गिअर तेलाचे दोन दर्जे) सिंक्रोच्या, म्हणजे गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या भागाच्या, पितळी कड्यांना बाधते.

पाच गिअरच्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या पिकअपमध्ये चौथा गिअर सहसा थेट असतो, म्हणजे त्यात ताकद काउंटर शाफ्टमधून न जाता सरळ मागे जाते. त्यात आवाज बराच कमी होत असेल, तर काउंटर शाफ्टवरचा संशय पक्का होतो. गिअरबॉक्स उघडलाच, तर सगळी बेअरिंगे आणि ऑइल सील एकदमच बदलून घ्या.