आरसीसीबी पडतोय, काढून टाकू का?

प्रश्न : ऐरोलीत आमचं रो-हाऊस आहे. मागच्या खोलीत लाकूडकामासाठी २ एचपीचा टेबल सॉ (टेबलात बसवलेली गोल करवत) आणि १४०० वॅटचा व्हॅक्यूम आहे. मेन डीबीपासून (स्विच-ब्रेकरच्या पेटीपासून) १८ मीटरवर तिथे वेगळी डीबी बसवली. सॉ सुरू केला की तिथला आरसीसीबी (करंटची गळती ओळखून आपोआप वीज तोडणारा स्विच) पडतो. वायरमन म्हणतो, "काढून टाकू, एमसीबी आहेत की." काय करावं?

उत्तर : काढू नका. एमसीबी जास्त लोड आणि शॉर्टसर्किटवर पडतो. शॉक बसताना माणसातून जाणारा करंट इतका थोडा असतो की एमसीबीला तो कळतही नाही. आरसीसीबी फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला करंट ताडून पाहतो. ३० मिलिअँपिअरच्या आत फरक राहिला नाही, तर तो पडतो.

आधी त्याच पॉइंटवर घरात नीट चालणारी इस्त्री लावून पाहा. इस्त्रीनेही पडला, तर दोष बहुधा न्यूट्रलच्या जोडणीत आहे. फक्त सॉने पडला, तर मोटरच्या वाइंडिंगमधून गळती असेल. खाडीकाठच्या दमट हवेत ती नवलाची नाही.

न्यूट्रलचे दोष दोन. पहिला : डीबीत न्यूट्रल लिंक आणि अर्थ लिंक (वायरी कसायच्या धातूच्या पट्ट्या) वायरच्या तुकड्याने जोडलेली असते. मग परतणारा करंट थोडा अर्थिंगमधून जातो. मेनकडची न्यूट्रल तुटलीच, तर सॉच्या लोखंडी टेबलावर करंट उतरू शकतो. दुसरा : न्यूट्रल आरसीसीबीतून न परतता भलत्याच लिंकवर कसलेली असते. तपासायला मेन बंद करा, आरसीसीबी खाली पाडा, सगळे प्लग काढा. मग न्यूट्रल लिंक आणि अर्थ लिंक यांच्यात मल्टिमीटर बझरवर ठेवून लावा. बझर वाजला, तर जोड आहेच. यानंतर ५०० व्होल्टचा मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून घ्या. १ मेगाओहमच्या खाली वाचन नको. मेन बंद असला तरी वीजमीटरकडून मेनकडे येणारी वायर जिवंतच असते, तिला हात लावू नका.

जोडणी अशी असावी : सॉ साधारण ११-१२ अँपिअर, व्हॅक्यूम ६, दिवे आणि हातातलं एखादं मशीन धरून २२-२३. मेन डीबीत ३२ अँपिअरचा डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) एमसीबी. तिथून पीव्हीसी पाइपातून फेज, न्यूट्रल आणि हिरवी अर्थ, तिन्ही ६ स्क्वेअर एमएम तांब्याच्या. नव्या डीबीत ४० अँपिअर, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, पुढे सॉला स्वतंत्र एमसीबी. घरभर आधीच आरसीसीबी असेल, तर ही लाइन त्याच्या आधीपासून घ्या. नाहीतर इथल्या गळतीने फ्रिजही बंद पडेल.

टोकांकडे नीट पाहा. टर्मिनलमध्ये बसत नाही म्हणून तारेच्या चार-पाच बट्या (आतल्या बारीक तारा) कापून टाकतात, किंवा स्क्रू इन्सुलेशनवरच कसतात. तिथेच गरम होतं आणि प्लास्टिक तपकिरी पडतं. थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोपण) लावून, सगळ्या बट्या आत घेऊन कसा आणि आठवड्याभराने मेन बंद करून पुन्हा कसा.

बदलाचं काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या, आणि मंजूर भार पुरतो का, तेही वीजबिलावर पाहून घ्या.

प्रश्न : घोडबंदर रोडला माझ्याकडे कॉम्प्रेसर आहे. सुरू होताना १६ अँपिअरचा बी-कर्व्ह एमसीबी पडतो. २५ चा बसवू?

उत्तर : नको, आतली वायर १६ च्या हिशेबाची असेल तर तीच जळेल. १६ चाच सी-कर्व्ह घ्या : बी-कर्व्ह ३ ते ५ पट करंटला तत्काळ पडतो, सी ५ ते १० पटीला. चालू झाल्यावरही पडला, तर कॉम्प्रेसरचा कपॅसिटर तपासा.