हिमोग्लोबिन १७.४ आणि तिसरा राऊंड

प्रिय लेकरा,

तुझा सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, रिपोर्ट पाहिला. "काका, रक्त तर एक नंबर आहे, मग १६०० मीटरला तिसऱ्याच राऊंडला दम का तुटतो?" असं तू विचारलंस. परभणीच्या ग्राऊंडवर तुझ्यापेक्षा काटकुळी पोरं पुढं निघून जातात, हे तुला लागलंय. भरती तोंडावर आहे, तेव्हा स्पष्टच लिहितो: मला संशय तुझ्या सिगरेटचा आहे.

त्या १७.४ वर भाळू नकोस. सिगरेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. ऑक्सिजन कमी पडतोय म्हटल्यावर शरीर लाल पेशी वाढवतं. मोंढ्यात हमाल वाढले, पण त्यातल्या कैकांच्या पाठीवर आधीच मातीची पोती असली तर सोयाबीन उचलणार कोण? वर रक्त दाट होतं, ते वेगळंच. रक्तक्षय ठरवताना सिगरेट ओढणाऱ्याच्या आकड्यातून थोडं वजा करून बघा, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते.

पांढऱ्या पेशी ११,२००, म्हणजे जरा जास्तच आल्यात. ताप नाही, जखम नाही, तर धुरानं श्वासनलिकांना रोज होणारी जळजळ हे त्याचं एक कारण असू शकतं. तरी एकदा डॉक्टरांना दाखव.

फुंकून करायची तपासणी नॉर्मल आली म्हणून मित्रानं तुला धीर दिला म्हणे. त्या तपासणीत पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते मुख्यतः बघतात. धूर आधी गाठतो तो अगदी बारीक नळ्यांना, आणि त्यांचं दुखणं त्या आकड्यात उशिरा उमटतं. शिवाय फुप्फुसांची ताकद विशी-पंचविशीपर्यंत वाढत असते. ऐन वाढीत धूर घेतला की ती पुऱ्या उंचीला पोचतच नाही, आणि उतरणीला मात्र लवकर लागते. बिडी हलकी, हा तर टपरीवरचा गैरसमज. ती विझू नये म्हणून झुरके जास्त मारावे लागतात.

रात्रीचा कार्बन मोनॉक्साइड पहाटेपर्यंत निम्म्यावर आलेला असतो, आणि तू ग्राऊंडच्या आधी चहासोबत पुन्हा एक पेटवतोस! आधी ती बंद कर, मग बाकीच्या. सुरुवातीला खोकला वाढेल, चिडचिड होईल, झोप उडेल. तलफ आवरेनाशी झाली तर तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या हेल्पलाइनला १८००-११-२३५६ वर फोन लाव, फुकट आहे.

लाल पेशीचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं. चार महिन्यांनी सीबीसी पुन्हा कर. हिमोग्लोबिन थोडं उतरलेलं दिसलं तर घाबरून बीट-डाळिंबाच्या मागं लागू नकोस.

तुझा काका